मोठा रिले, छोटा सिग्नल

प्रश्न : १० अँपिअरचा रिले (विजेने उघड-बंद होणारा स्विच) ५ व्होल्ट, १ मिलिअँपिअरच्या सिग्नलसाठी लावला आहे. खटका ऐकू येतो, पण कधीकधी सिग्नल पुढे जातच नाही. एवढा दणकट रिले असं का करतो?

उत्तर : दणकट आहे म्हणूनच! मोठ्या रिलेचे कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारी टोकं, चांदीच्या मिश्रधातूचे असतात. हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढतो, देवघरातल्या चांदीच्या निरांजनावर चढतो तसाच. मोठा भार जोडताना ठिणगी तो थर जाळून टाकते. तुमच्या ५ व्होल्टला तो भेदता येईलच असं नाही. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) कमाल भार सगळे बघतात. किमान भाराची ओळ मात्र कुणी वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सोन्याचा मुलामा असलेला सिग्नल रिले घ्या. दुभागलेले कॉन्टॅक्ट असतील तर फारच उत्तम : एका टोकाखाली धुळीचा कण आला तरी दुसरं टोक टेकतं. मात्र त्याच रिलेवर आधी मोटर किंवा सोलेनॉइड (विद्युतचुंबकाची गुंडाळी) चालवून बघू नका. ठिणगीने मुलामा उडाला की खालची चांदी उघडी पडते. आणि पॉलिश पेपर तर लावूच नका. मुलामा जेमतेम काही मायक्रॉनचा असतो.