सागरी माशांवरच्या चपट्या परजीवी कृमींचं वर्गीकरण कशावरून करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुरमई आणि जिताड्याच्या कल्ल्यांत मिळालेले चपटे कृमी तुम्हाला सगळे सारखेच दिसले, पुस्तकात मात्र त्यांची कुलं वेगळी, जीनस वेगळे, जाती वेगळ्या. हा भेद कशावरून करतात आणि इतक्या बारकाईचा उपयोग काय? मी मत्स्यरोगांच्या प्रयोगशाळेत याच कृमींवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. माशाच्या आतड्यात मिळणारे पर्णकृमी वेगळे. त्यांना आयुष्य पुरं करायला गोगलगायीसारखा मधला यजमान लागतो. कातडीवर, कल्ल्यांवर बसणारे, म्हणजे तुम्हाला मिळालेले, ते मोनोजेनिया. यांचं सगळं एकाच माशावर भागतं. अंडं पाण्यात पडतं, त्यातून केसाळ अळी निघते, पोहत पोहत मासा गाठते आणि तिथेच मोठी होते. मासा खाणाऱ्या माणसाला यांच्यापासून काहीही अपाय नाही.

आता ओळख पटवायची तर तोंडाकडून नाही, मागच्या टोकाकडून सुरुवात करा. मासा धरून ठेवायचा अवयव मागे असतो, त्याला हॅप्टर म्हणतात. कल्ल्यांतून पाणी अखंड वाहत असतं. तिथे पकड सुटली तर कृमी वाहून गेलाच. त्यामुळे कुणी कशी पकड घ्यायची हे कुलागणिक ठरून गेलंय आणि वर्गीकरणाचा बराचसा डोलारा त्यावरच उभा आहे. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. या कृमींचं अंग इतकं मऊ असतं की जिवंतपणी ते क्षणात लांब, क्षणात आखूड होतं आणि स्लाइडवर काच ठेवली की वाटेल तसं पसरतं. लांबी-रुंदीवर भरवसा ठेवता येत नाही. आकडे, आडव्या पट्ट्या आणि चिमटे हे कठीण भाग तेवढे आपला आकार धरून राहतात.

ओडनर या संशोधकाने 1912 मध्ये मोनोजेनियाचे दोन मोठे गट पाडले, मोनोपिस्थोकॉटिलिया आणि पॉलिओपिस्थोकॉटिलिया. तुमच्याकडे हे दोन्ही आलेले दिसतात. सुरमईचे बहुधा दुसऱ्या गटातले. यांच्या हॅप्टरवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारखे चिमटे असतात आणि ते कल्ल्याची पाती पकडून बसतात. मॅझोक्रेइडी कुलात या चिमट्यांच्या चार जोड्या, तर बी. एस. चौहान यांनी 1945 मध्ये वर्णन केलेल्या प्रायसिया मल्टी या सुरमईवरच्या कृमीत त्यांच्या लांबच लांब रांगा. हे रक्त पितात. म्हणून नुसत्या डोळ्यांनीही त्यांच्या अंगात काळपट-तपकिरी रेघा दिसतात, ते पचलेल्या रक्ताचं रंगद्रव्य. पहिला गट रक्ताच्या नादी सहसा लागत नाही. तो कातडीच्या पेशी आणि बुळबुळीत श्लेष्म खातो, म्हणून तो फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तुमचे जिताड्याचे कृमी असेच फिकट होते का, ते एकदा पाहा.

जिताड्याचेच उदाहरण घेऊन करायचं कसं ते सांगते. ताज्या माशाच्या कल्ल्याची एक कमान कापून समुद्राच्या पाण्यात पेट्री डिशमध्ये ठेवा आणि कमी वर्धनाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पात्यांच्या मधल्या फटी सुईने हलकेच उघडा. मिलिमीटरभराचा, कधी त्याहूनही लहान, पांढुरका जीव मागचं टोक रोवून पुढचं अंग इकडे-तिकडे फिरवताना दिसेल. तो उचलून स्लाइडवर घ्या, वर काच ठेवा आणि कडेने अमोनियम पिक्रेट-ग्लिसरीनचा थेंब सोडा. अंग पुसट होत जातं आणि आतले कठीण भाग लख्ख उठून दिसतात. आधी मोठ्या आकड्यांच्या दोन जोड्या, मग त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, मग कडेचे चौदा बारीक आकडे. हे मोजायला ऑइल इमर्शन, म्हणजे तेलाच्या थेंबातून पाहायचं जास्त वर्धनाचं भिंग, लागतंच. त्यानंतर हॅप्टरच्या जरा वर, एक पाठीकडे आणि एक पोटाकडे अशा दोन गोल चकत्या शोधा. त्यांवर सूक्ष्म काड्यांच्या एकाबाहेर एक अशा रांगा असतात. या दिसल्या की डिप्लेक्टॅनिडी कुलापर्यंत पोचलात. इथे घाई करू नका, फोकस वर-खाली करत दोन्ही चकत्यांच्या रांगा वेगवेगळ्या मोजा.

पण कुल कळलं म्हणजे जात कळली असं नाही. जिताड्यावरच या कुलाचे एकाहून जास्त जीनस आहेत. डिप्लेक्टॅनम आहे आणि 2006 मध्ये वेगळा काढलेला लॅटिकोला आहे. लॅटिकोलातल्या एका जातीचं मूळ वर्णन भारतातच, त्रिपाठी यांनी केलेलं. तिथे निर्णय होतो तो नर मैथुनावयवाच्या आकारावरून आणि योनिमार्गाच्या कठीण भागावरून. हेकरूवरच्या स्यूडोऱ्हॅब्डोसायनोकस या जीनसमध्ये तर हा नर अवयव चार कप्प्यांचा असतो. एकाच हेकरूवर त्या जीनसच्या अनेक जाती शेजारी-शेजारी नांदतात. हॅप्टर पाहून त्या वेगळ्या करणं जड जातं, हे अवयव पाहिले की त्या सुटतात.

कठीण भागसुद्धा चकवतात, आणि हे माहीत नसेल तर तुम्ही नसलेल्या जाती निर्माण कराल. मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण गॅस्ट्रोकॉटिले ट्रॅक्युरी या कृमीचं आहे. तो ट्रॅक्युरस माशाच्या कल्ल्यांवर राहतो आणि त्याचे चिमटे अंगाच्या एकाच बाजूला असतात. जे. लेवेलिन यांनी 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या प्लिमथला दाखवून दिलं की ही बाजू कृमी माशाच्या कोणत्या अंगाच्या कल्ल्यावर बसलाय त्यावर ठरते. पाण्याचा प्रवाह ज्या दिशेने येतो त्याला धरून चिमटे उगवतात. डाव्या आणि उजव्या कल्ल्यांतले कृमी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. एकाच बरणीत टाकलेले नमुने पाहून कुणी दोन जाती केल्या असत्या तर दोष द्यायलाही जागा नव्हती. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, कोणत्या बाजूचा आणि कितव्या कमानीवरचा कृमी हे लिहिल्याशिवाय बरणीचं झाकण लावायचं नाही.

उपयोग काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी निओबेनेडेनियाची गोष्ट सांगायलाच हवी. हा कॅप्सॅलिडी कुलातला, बशीसारख्या हॅप्टरचा, माशाच्या कातडीवर आणि डोळ्यांवर चिकटणारा कृमी. मॅककॅलम यांनी 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरून मेलेनी ही जात वर्णन केली. हार्गिस यांनी 1955 मध्ये गिरेली ही दुसरी जात सांगितली. 1963 मध्ये यामागुती यांनी योनिमार्ग नसणाऱ्या अशा कृमींसाठी निओबेनेडेनिया हा जीनस केला. मग 1996 मध्ये व्हिटिंग्टन आणि हॉर्टन यांनी नमुने तपासले, त्यांना दोघांत भरवशाचा फरक सापडला नाही आणि गिरेली हे नाव मेलेनीत विलीन झालं. त्यामुळे शंभरावर जातींच्या माशांवर बसणारा एकच कृमी, असं चित्र तयार झालं. मोनोजेनिया सहसा एका-दोन यजमानांना धरून असतात, तेव्हा हे चित्र खटकणारं होतं. 2018 मध्ये डीएनए तपासल्यावर दोन्ही जाती वेगळ्या निघाल्या, आणि मत्स्यशेतीत जगभर नुकसान करणारा मुख्य कृमी गिरेलीच ठरला.

पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्याला याने थेट फरक पडतो. मासे गोड्या पाण्यात काही मिनिटं बुडवले की अंगावरचे कृमी मरून गळतात, अंडी मात्र तगतात. अंड्यांना लांब तंतू असतात, ते जाळ्यात गुंतून राहतात. म्हणून दुसरी आंघोळ अशा बेताने घालावी लागते की नव्या अळ्या माशावर बसलेल्या असतील, पण अजून अंडी घालू लागलेल्या नसतील. हा बेत जातीवर आणि पाण्याच्या तापमानावर ठरतो. नाव चुकलं की दुसऱ्याच जातीचं वेळापत्रक आपण आपल्या माशांना लावतो. गरम पाण्यात गिरेलीचं चक्र सुमारे दोन आठवड्यांत पुरं होतं, त्यामुळे चार दिवसांची चूकही महागात पडते.

वरच्या पातळीवरही खळबळ आहेच. ओडनरचे दोन गट खरोखर एकमेकांचे सख्खे आहेत का, ही शंका 1990 च्या दशकापासून होती. 2023 मधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ते एका मूळ घराण्याचे दिसत नाहीत. पाठ्यपुस्तकातला ‘वर्ग मोनोजेनिया’ टिकेल असं मला वाटत नाही. परीक्षेत अजून तसंच लिहा, पण नवे लेख वाचताना दोन स्वतंत्र वर्ग दिसले तर गोंधळू नका.

तुमच्या नमुन्यांबद्दल: फॉर्मालिनमध्ये सगळे टाकू नका, त्यातून डीएनए नीट मिळत नाही. निम्मे 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. शक्य असेल तर एकाच कृमीचं हॅप्टर कापून स्लाइड करा आणि उरलेलं अंग अल्कोहोलमध्ये ठेवून दोन्हींना एकच क्रमांक द्या. बहुतेकांना जात ठरवायला मैथुनावयव लागतो, तेव्हा डिप्लेक्टॅनिडीत उलट करून मधला तुकडा डीएनएसाठी घ्या, पुढचा-मागचा भाग स्लाइडवर. माशाचा फोटो काढून ठेवा, कारण कृमीचं नाव बरोबर आणि माशाचं चूक, अशा नोंदी पुढे कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत. आकड्यांचे स्पष्ट फोटो मोजपट्टीसह इथे टाकलेत तर निदान कुलापर्यंत मी नक्की सांगू शकेन.