पूर्वेची बाल्कनी, साडेआठची घाई आणि तीन कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोघांचंच घर, दोघंही नोकरीला, साडेआठला बाहेर पडायचं, तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी. सकाळचा व्यायाम, कुंडीतली भाजी आणि साधा स्वयंपाक हे तिन्ही बसवायचंय. टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, दोडका अशी यादीही दिली आहेत.

आधी क्रम. व्यायाम पहिला, झाडं नंतर. उलट केलंत तर व्यायाम बुडालाच म्हणून समजा. पाणी घालायला गेलेला माणूस पिवळी पानं खुडत, मावा कीड पुसत तिथेच रेंगाळतो आणि घड्याळ पुढे निघून जातं. उठल्याबरोबर सतरंजी टाकून सूर्यनमस्कार घाला. बारा नमस्कार संथ श्वासाने घातले तरी दहा मिनिटांत होतात. साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार रुजवले, ते उगीच नाही. ना साधन लागतं, ना मैदान. कंबर, गुडघे किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून नुसतं चाला. जिमची वार्षिक वर्गणी मात्र इतक्यात भरू नका.

आता यादी. टोमॅटो, वांगी आणि ढोबळी काढून टाका. फळभाजीला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं आणि पूर्वेच्या बाल्कनीतलं ऊन अकराच्या आत सरकतं. झाड वाढेल, फुलेल, फोटोही छान येतील. भाजी होणार नाही. पालेभाजीचं तीन-चार तासांच्या उन्हात भागतं, म्हणून मेथी, पालक, लाल माठ, मायाळू. कडेला पुदिना, गवती चहा आणि कढीपत्त्याची एक कुंडी.

मेथीपासून सुरुवात करा. मुंबईत चिमुकल्या जुड्यांत समुद्रमेथी विकतात ना, वाळूत वाढवलेली, तशीच कोवळी काढायची. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, पसरट कुंडीत दाट पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. दोन-तीन दिवसांत कोंब वर येतात, दहा-बारा दिवसांत बोटभर रोपं कात्रीने कापायला तयार. एक कुंडी कापली की दुसरी पेरायची. शिजल्यावर ती जेमतेम वाटीभर होते, हेही आधीच सांगून ठेवते. धो-धो पावसात मेथी कुजते. ते महिने मायाळूचे. बाजारातल्या मायाळूची जाड फांदी खोचली तरी लागते.

बाल्कनीवर मातीचं ओझं नको. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या आपल्या चळवळीतून नगरशेती, म्हणजे शहरातल्या घरी भाजी पिकवणं, घरोघरी पोचवली, त्यात उसाची चिपाडं आणि पालापाचोळा यांच्यावर भर होता. रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणा, पण धुऊन वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांची रांग थेट साखरेच्या डब्यापर्यंत येईल. कुंडीत तळाला चिपाडं, मग पाचोळा, वर कंपोस्ट मिसळलेली थोडी माती.

दोडका ठेवायचाच असेल तर सगळ्यात जास्त उन्हाचा कठडा त्याला द्या आणि अपेक्षा बेताची ठेवा. त्याची नर आणि मादी फुलं वेगळी. मादीच्या मागे बोटाएवढा इवला दोडका दिसतो. तिसऱ्या मजल्यावर कीटक कमी फिरकतात, म्हणून नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावायचे. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे. सकाळी तुमची धावपळ, तेव्हा दोडकाच बरा. ऑफिसातून आल्यावर चहाचा कप ठेवून हे काम होतं.

स्वयंपाकाबद्दल माझं मत जरा आडमुठं वाटेल. कुंडीतल्या भाजीने पैसे वाचत नाहीत, वाचतो तो निवडण्याचा वेळ. बाजारची जुडी सोडा, गवत काढा, माती धुवा, यातच सकाळ जाते. घरचा माठ कापला, धुतला, की कढईत. तेलात लसूण आणि हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ मूठभर, वर भाजी, मीठ शेवटी. कणीक रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवा. कुंडीत काही नसेल त्या दिवशी पिठलं किंवा खिचडी-मेतकूट; रोज वेगळा पदार्थ हवाच असा हट्ट असेल तर हे वेळापत्रक आठवडाभरही टिकणार नाही.

दोडक्याच्या शिरा फेकू नका. थोड्या तेलावर मंद आचेवर परता. आधी त्या मऊ पडतात, मग कडा तपकिरी होऊन तव्यावर खुळखुळ वाजायला लागतात, तेव्हाच उतरवा. भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून भरडच वाटा. डब्यातल्या भाजीला जोड मिळते.

दिवाळीत पाच दिवस गावाला जाताना पाण्याचं काय, हेही विचारलंत. निघायच्या आदल्या रात्री खालून निथळेपर्यंत पाणी द्या, कुंड्या कठड्यापासून आत ओढून एकमेकींना चिकटवून ठेवा आणि मातीवर पाचोळा किंवा चिपाडांचा जाड थर द्या. ऑक्टोबर हीट असली तरी मोठ्या कुंड्या निभावतात, मेथीची पसरट कुंडी नाही. ती आधीच कापा आणि प्रवासासाठी पुऱ्या करा.