वाचकांचे प्रश्न: गावचा वळू सांभाळायचा कुणी?

प्रश्न: आमच्या वाडीत (ता. राजापूर) जर्सीच्या कृत्रिम रेतनाची सोय आहे, तरी लोक गायीचा माज (गाय फळायला तयार असल्याचा काळ) कळवत नाहीत. आता कोकण कपिला या इथल्या छोट्या चणीच्या देशी गायीची सामूहिक पैदास सुरू करायचं घाटतंय. लोकांना कसं तयार करायचं?

उत्तर: आधी घरोघर जाऊन एकच विचारा, गाय कशासाठी बांधलीय? पुष्कळ घरी दूध पहिल्या क्रमांकावर नसतं. राबाला (भाताच्या रोपासाठी भाजायच्या जमिनीला) आणि आंबा-काजूच्या कलमांना शेण, जोताला पाडा आणि मग घरापुरतं दूध, असा क्रम लागतो. जर्सीच्या पाड्याला वशिंड नीट नसतं, त्यामुळे जू बसत नाही. दमट उन्हात तो धापा टाकतो. शिवाय २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर बैल कत्तलीला देता येत नाही, म्हणजे नको असलेला पाडा वर्षानुवर्षं दावणीला राहतो. हा हिशेब शेतकऱ्याला पक्का कळतो. त्याला आडमुठा म्हणू नका.

दुसरं कारण माजाचं. माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी गाय भरायला हवी. भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात. सड्यावरची (कातळाच्या माळावर चरणारी) गाय रात्री घरी येईपर्यंत आणि तालुक्याहून माणूस येईपर्यंत माज ओसरलेला असतो. साधारण २१ दिवसांनी ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की दोष वीर्याला मिळतो. म्हणून मोकळ्या चरणाऱ्या कळपाला चांगला वळू आणि दावणीच्या गायींना कृत्रिम रेतन, अशी वाटणी करा.

प्रश्न: पूर्वी गावाने वळू आणला होता. दोन वर्षांत भांडणं होऊन तो विकावा लागला. पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर: एकाच्या गोठ्यात बांधलेला वळू सहा महिन्यांत ‘त्यांचा वळू’ होतो. मग कुणी म्हणतं त्याला जोताला जुंपला, कुणी म्हणतं आमच्या गायीला सोडला नाही. तेव्हा खाण्याचा वाटा आधी ठरवा. छोट्या चणीच्या वळूला रोज सुमारे ५ किलो पेंढा आणि २ किलो आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) धरा. हिरवं गवत, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मीठ वेगळं. ६० गायींत वाटलं तर दर गायीमागे वर्षाला साधारण ३० किलो पेंढा आणि १२ किलो आंबोण येतं. पेंढा झोडणीनंतर, घरोघरी उडव्या असतात तेव्हाच गोळा करा. मे महिन्यात मागितलात तर कुणी देणार नाही. सांभाळणाऱ्याला ठरलेली मजुरी आणि शेण द्या, नि जोताला जुंपायचं नाही हे सर्वांसमक्ष वहीत लिहा.

खरी मेख मात्र पाड्यांत आहे. निवडलेला वळू गोठ्यात आणि वर्ष-दीड वर्षाचे दहा पाडे रानात, अशी स्थिती असेल तर गायी त्या पाड्यांकडूनच फळतात. नको असलेले पाडे ६ ते १२ महिन्यांचे असताना, सगळ्या वाडीचे एकाच आठवड्यात, पशुवैद्यकाकडून चिमट्याने खच्ची करून घ्या. वृषणांकडे जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरा वेगवेगळ्या दाबाव्या लागतात. दाबाच्या रेषा एकमेकींना जोडल्या तर पिशवीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. नंतरही काही आठवडे पाडा गायींपासून दूर ठेवा, आधीचं वीर्य शिल्लक असतं.

देवाला सोडलेल्या पोळाला (वळूला) हात लावायला लोक तयार नसतात, आणि तो आग्रह धरूही नये. पुढच्या वेळी देवाला सोडायचा पाडा चांगल्या गायीचा निवडायचा, एवढं गावकीत ठरवा. आई दरवर्षाला विणारी, शांत, पायांची घट्ट आणि पावसात खूर न कुजणारी हवी. ही जुनी रीत म्हणजे तयार पैदास-व्यवस्थाच आहे. फक्त निवड डोळसपणे व्हायला हवी.

वळू तीन वर्षांच्या आत बदलाच. त्याच्या कालवडी अडीच-तीन वर्षांच्या होऊन माजावर येतात आणि बाप-लेकीच्या संकरातलं वासरू खुरटं, अशक्त निघण्याचा धोका वाढतो. कळपातल्या अंतःप्रजननाची (जवळच्या रक्ताच्या संकराची) दर पिढीची वाढ एका वळूवर ६० गायी असताना सुमारे १३ टक्के येते, चार वळू असले तर तीन-साडेतीन टक्क्यांवर उतरते. एकट्या गावाला चार वळू परवडत नाहीत. चार गावं मिळून फिरते ठेवा, खाडीपलीकडचं एखादं गाव असेल तर उत्तम. हलवण्यापूर्वी ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपाताचा रोग) आणि क्षयाची तपासणी करा आणि नव्या गावात महिनाभर वेगळा बांधा. ब्रुसेलोसिसमुळे गायी गाभणपणाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडतात. तसं एकदा झालं की गाव वळूचं नाव काढू देत नाही.

प्रश्न: दूध वाढावं म्हणून गीर या मोठ्या चणीच्या दुधाळ देशी जातीचं वीर्य वापरावं का?

उत्तर: पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या) कालवडीला नको. वासरू मोठं होऊन अडण्याची भीती असते. दोन-तीन वेतं झालेल्या, बारमाही हिरवा चारा मिळणाऱ्या दावणीच्या गायीला वापरता येईल. पण त्या वासरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक वहीत वेगळा लिहा आणि त्यातला पाडा वळू म्हणून कधीच ठेवू नका.