इंग्रजीतले कोणते शब्द ग्रीक देवांच्या नावांवरून आले? क्रोनॉलॉजी (कालक्रम), पॅनिक, हिप्नॉसिस (संमोहन), मॉर्फीन (वेदनाशामक औषध), सीरियल (cereal, म्हणजे धान्य) ही यादी बरोबर आहे का?

यादीतून आधी क्रोनॉलॉजी काढा. झ्यूसचा बाप क्रोनोस ग्रीकमध्ये 'कॅपा' अक्षराने लिहितात, आणि काळ या अर्थाचा शब्द 'खी'ने. प्राचीन उच्चारात कॅपा म्हणजे आपला क, खी म्हणजे ख. देव क्रोनोस, काळ ख्रोनोस; क्रोनॉलॉजी आला तो या ख्रोनोसवरून. ख्रिस्त या नावाचं पहिलं अक्षरही हेच खी. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी क ऐकू येतो, त्यामुळे घोटाळा होतो. खुद्द प्राचीन ग्रीकांनीही या दोघांची सांगड घातली होती, म्हणून ही चूक इतकी चिवट आहे.

पॅनिक मात्र अस्सल. पॅन हा ग्रीसमधल्या अर्काडिया प्रांतातल्या मेंढपाळांचा देव, कमरेखाली बोकड. रानात कळप कारण नसताना उधळला, किंवा रात्री छावणीत सैनिकांची उगाचच पळापळ झाली, की ती पॅनची करणी मानत. 'पानिकोस' म्हणजे पॅनचा. पॅन्डेमिकमधल्या 'पॅन'शी याची गल्लत करू नका; तिथे अर्थ 'सर्व'.

मॉर्फीनही देवावरूनच. जर्मन औषधविक्रेता सेर्ट्युर्नर याने 19व्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून हे द्रव्य वेगळं केलं आणि मॉर्फियसवरून नाव दिलं. मॉर्फियस स्वप्नांचा देव, झोपेचा नव्हे.

झोपेचा देव हिप्नोस. पण इथे जरा जपून: 'हिप्नोस' हा ग्रीकमध्ये झोपेसाठीचा रोजचा शब्दही आहे. 'अग्निशामक' शब्द अग्निदेवावरून आला असं आपण म्हणतो का? तसंच हे. हिप्नॉसिस झोपेवरून आला, फोबिया भीतीवरून (फोबोस), हायजीन आरोग्यावरून. त्याच नावांचे देव-देवीही होते, एवढंच. माझ्या मते हे शब्द वेगळ्या रकान्यात ठेवावेत.

सीरियल धान्यदेवता सीरिझवरून (Ceres), व्होल्कॅनो (ज्वालामुखी) अग्निदेव व्हल्कनवरून: दोन्ही रोमन देवता, ग्रीक नव्हेत. याउलट युरेनियम ग्रीक आकाशदेव युरेनसपर्यंत पोहोचतो, पण युरेनस ग्रहामार्गे. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला 1781 मध्ये ग्रह सापडला, रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोटने 1789 मध्ये नव्या धातूला ग्रहाचं नाव दिलं.

शब्द तपासताना व्युत्पत्तिकोशातला पहिला टप्पा पाहून थांबू नका. अगदी शेवटी देवाचं नाव आहे की साधं नाम, ते बघा आणि ग्रीक अक्षरं जुळवा.