खंड की महाद्वीप, आणि सात की सहा?

नागपूरच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांची मुलगी मराठी शाळेत आहे, तिला 'सात खंड' पाठ आहेत. वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण हिंदी माध्यमात शिकते, ती 'सात महाद्वीप' म्हणते. दोघींचा वाद घरात आला आणि तिथून वाढत गेला. वाचक लिहितात: "द्वीप म्हणजे पाण्यानं वेढलेली जमीन. मग युरोपच्या पूर्वेला पाणी कुठे आहे? आणि पाणी नसेल तर युरोप वेगळा मोजायचा तरी काहून? मराठीत बरोबर शब्द कोणता आणि आकडा खरा कोणता?"

शब्दाचं उत्तर आधी. मराठीत 'खंड' म्हणा. 'महाद्वीप' हा हिंदीतला रुळलेला प्रमाण शब्द आहे आणि ती मैत्रीण तिच्या भाषेत तो बरोबरच वापरते. मराठी वाचकाला तो कळतो, पण आपल्याकडे त्याची गरज नाही. नागपुरात तर हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. तिथे हा फरक मुद्दाम जपावा असं मला वाटतं, आणि ते नुसत्या मराठीच्या अभिमानापोटी नाही. वाचकांनी युरोपबद्दल जी अडचण काढली आहे ती 'महाद्वीप' या शब्दात आहे. 'खंड' या शब्दात ती नाही.

खंड म्हणजे तुकडा, भाग. ग्रंथाचा दुसरा खंड, पावसात पडलेला खंड, अखंड हरिनाम सप्ताह, मताचं खंडन, या सगळ्यांत तोडण्याचा, विभागण्याचा अर्थ आहे. नागपूरकरांच्या रोजच्या वाचनातला शब्द घ्यायचा तर 'खंडपीठ' आहे. उच्च न्यायालय एकच, पण त्याचं एक पीठ इथे बसतं. सांगायचा मुद्दा हा की 'खंड' म्हटल्यावर भोवती काय आहे याबद्दल काहीच दावा होत नाही. मूळ वस्तू एक होती आणि तिचे भाग पाडले, एवढंच तो शब्द सांगतो. कुणी पाडले, कशाच्या आधारावर पाडले, हे प्रश्न तो उघडे ठेवतो.

इंग्रजी 'कॉन्टिनेंट'ची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ 'एकमेकांना धरून असलेली, सलग' जमीन असा होता. म्हणजे ज्याला त्यांनी 'अखंड' म्हटलं, त्यालाच आपण 'खंड' म्हणतो! हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो, कारण खंडांच्या मोजणीचा सगळा वाद या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेला आहे. सलगपणा मोजायचा की तुकडे? सलगपणाच काटेकोर धरला तर आशिया, युरोप आणि आफ्रिका हा एकच प्रदेश ठरतो, कारण सुएझचा कालवा १८६९ साली माणसांनी खणला, त्याआधी तिथे चालत जाता येईल अशी जमीन होती. दोन्ही अमेरिका मिळून दुसरा, ऑस्ट्रेलिया तिसरा, अंटार्क्टिका चौथा. चार! आणि असा चार आकडा मानणारेही आहेत.

आता 'द्वीप' शब्दाकडे वळू, कारण त्याच्यावर थोडा अन्याय होतो. द्वीप म्हणजे द्वि अधिक अप्, ज्याच्या दोन बाजूंना पाणी आहे अशी जमीन. चारही बाजूंनी वेढलेली असलीच पाहिजे, अशी अट त्याच्या व्युत्पत्तीत नाही. पण आजच्या मराठी कानाला द्वीप म्हणजे बेटच. 'द्वीपकल्प' हा शब्दही बेटासारखं पण पुरतं बेट नसलेलं, याच अर्थानं आपण वापरतो. म्हणून 'महाद्वीप' ऐकलं की 'मोठं बेट' हेच चित्र उभं राहतं. त्या चित्रात ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका चपखल बसतात. दोन्ही अमेरिका आणि आफ्रिका जवळपास बसतात, फक्त पनामा आणि सुएझच्या चिंचोळ्या संयोगभूमी तेवढ्या आड येतात. युरोप मात्र बसतच नाही.

काही जण इथे पुराणांचा आधार देतात. सप्तद्वीपा वसुमती म्हटलंच आहे, म्हणजे सात महाद्वीप आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असा तो युक्तिवाद. तो टिकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पुराणांतली सात द्वीपं म्हणजे जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर. ती एकाभोवती एक अशी वलयाकार आहेत आणि त्यांच्या मधले समुद्र खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे आणि गोड्या पाण्याचे आहेत. विश्वाची ती भव्य कल्पना आहे आणि तिचा आनंद तसाच घ्यावा. तिचा शाळेच्या नकाशाशी जुळणारा भाग फक्त 'सात' हा आकडा आहे.

त्या परंपरेतून आपल्याला मिळालेली खरी शिदोरी वेगळी आहे. पूजेच्या संकल्पात गुरुजी 'भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे' म्हणतात, पुढे गोदावरीचा तीर येतो, आणि नागपूर गोदावरीच्या उत्तरेला असल्यानं तो 'उत्तरे तीरे' होतो. या पत्त्यात द्वीप मोठं आणि खंड त्याच्या पोटातलं, लहान. आजच्या मराठीनं 'खंड' उचलून वर नेला आणि आशिया-आफ्रिकेला लावला. जुना अर्थ मात्र पुरता सुटला नाही. भरतखंड, बुंदेलखंड, झारखंड हे सगळे खंडच, आणि एवढा मोठा आशिया हाही खंडच. शब्दाच्या या लवचिकपणामुळेच मराठीला 'खंडप्राय' हे सुंदर विशेषण मिळालं. 'भारतासारखा खंडप्राय देश' हे आपण अग्रलेखांत सतत वाचतो. खंड नाही, पण खंडाएवढा. हीच गोष्ट 'महाद्वीप' वापरून मराठीत सांगून पाहा, म्हणजे कोणता शब्द भाषेत किती मुरला आहे ते कळेल.

आता आकडा. भारतात सात शिकवतात. इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक देशांत आणि चीनमध्येही सातच. स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत अमेरिका हे एकच खंड मानतात. तिथल्या लोकांना अमेरिका म्हणजे फक्त संयुक्त संस्थानं हे म्हणणं म्हणूनच खटकतं, आणि माझ्या मते ते रास्त आहे. ऑलिंपिकच्या ध्वजावर पाच कड्या आहेत. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तँ यांनी १९१३ साली त्या आखल्या तेव्हा अमेरिका एक धरली आणि कायमची वस्ती नसलेलं अंटार्क्टिका सोडून दिलं.

भाषाप्रेमीनं थांबून पाहावं असं उदाहरण रशियनचं आहे. त्या भाषेत या एका कल्पनेसाठी दोन शब्द आहेत. 'मातेरीक' म्हणजे भूगोलानं ठरवलेली सलग जमीन. ते सहा: युरेशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका. आणि 'चास्त स्वेता', शब्दशः 'जगाचा भाग', म्हणजे इतिहासानं ठरवलेले विभाग. तेही सहाच, पण वेगळे: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ओशनिया, अंटार्क्टिका. रशियातल्या शाळकरी मुलीला युरोप वेगळा का, असा पेच पडत नाही. तो मातेरीक नाही, जगाचा भाग आहे. आपला 'खंड' अर्थानं या दुसऱ्या शब्दाच्या जवळ जातो.

युरोप वेगळा काहून, याचं उत्तर ग्रीकांपाशी आहे. एजियन समुद्राच्या एका काठाला युरोप, दुसऱ्या काठाला आशिया, आणि दक्षिणेकडे लिबिया म्हणजे आजची आफ्रिका, असे तीन भाग त्यांनी केले. समुद्रावर वावरणाऱ्यांसाठी ती विभागणी सोयीची होती. उत्तरेकडे जमिनीवरून गेलं की पंचाईत. मग कुणी फासिस नदी हद्द धरली, कुणी तानाइस म्हणजे आजची डॉन. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच हरकत घेतली होती. पृथ्वी एकच असताना तिला तीन नावं, तीही बायकांची, का दिली हे आपल्याला कळत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं. आशिया आणि लिबिया यांच्यात नाईल हद्द धरली तर इजिप्तचेच दोन तुकडे होतात, हेही त्यानं दाखवलं. म्हणजे तुमच्या घरातला वाद सुमारे अडीच हजार वर्षं जुना आहे.

आज आपण उरल पर्वताची जी हद्द पाठ करतो ती अठराव्या शतकातली. सायबेरियात युद्धकैदी म्हणून राहिलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग आणि रशियन इतिहासकार तातिश्चेव्ह यांच्या लेखनातून ती रुजली. पीटर सम्राटानंतरचा रशिया स्वतःला युरोपीय सत्ता म्हणवून घेत होता. डॉनची हद्द ठेवली तर त्याचा मोठा भाग आशियात जात होता, उरलची धरली तर तो युरोपात येत होता. इथे तुकडा कुणी पाडला आणि का, हे अगदी स्वच्छ दिसतं.

भूगर्भशास्त्र तरी निर्णय देईल का? इथे नागपूरकरांनी जरा ताठ बसावं, कारण या शास्त्राच्या सर्वांत गाजलेल्या शब्दांपैकी एक आपल्या मातीतला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं. हा सगळा मुलूख गोंडवाना. मेडलिकॉट या भूवैज्ञानिकानं १८७२ साली मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या थरांना 'गोंडवाना' नाव दिलं आणि ऑस्ट्रियाच्या झ्यूसनं १८८५ साली तेच नाव दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडाला लावलं. कामठीचे वाळूचे खडक आणि उमरेडचा कोळसा त्याच थरांतले. ज्यांच्या नावानं शहरात महाविद्यालय आहे ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कामठी परिसरातून ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म गोळा करत होते. पुढे १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे साथीदार मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड मिळाले. त्यांत त्याच ग्लोसोप्टेरिसचे ठसे होते. कामठी आणि अंटार्क्टिका एकाच भूमीवर होती, याचा हा पुरावा. त्याच साली जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरनं खंडवहनाची, म्हणजे खंड सरकत जातात ही, कल्पना मांडली.

या हिशेबानं पाहिलं तर आपला देश गोंडवानातून सुटून आलेला तुकडा आहे. तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियावर आदळायला लागला आणि हिमालय उभा राहिला. उरल हाही अशाच टकरीतून झालेला सांधा, पण तो फार जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही पलीकडचा, आणि त्याच्या दोन्ही बाजू आज एकाच भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एकाच सरकत्या तुकड्यावर, आहेत. उरलचं सर्वोच्च शिखर १,८९५ मीटर, एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. पर्वताची हद्द चालत असेल आणि सांधा चालत असेल, तर युरोपपेक्षा भारताचा दावा भक्कम आहे. तरी युरोप 'खंड' आणि आपण 'उपखंड'. हे मी रागानं म्हणत नाही. 'उपखंड' हा शब्द मला आवडतोही, भारत, पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश या सगळ्यांना एका नावाखाली आणणारा इतका सुटसुटीत दुसरा शब्द आपल्याकडे नाही. पण विभागणी निसर्गानं करून दिली असं कुणी म्हणालं, तर त्याला हे आकडे दाखवावेत.

आकारमानाचाही नियम कुठे लिहिलेला नाही. ऑस्ट्रेलिया सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणून खंड. ग्रीनलँड सुमारे २२ लाख, म्हणून बेट. रेषा मध्ये कुठेतरी पडते एवढंच.

'भूखंड' या शब्दाबद्दल मात्र सावध राहा. भूगोलाच्या पुस्तकात तो खंडासाठी येतो, पण नागपूरच्या कोणत्याही वर्तमानपत्रात भूखंड म्हणजे प्लॉट. लेआउटमधला भूखंड, भूखंड घोटाळा. साध्या लेखनात 'आशिया भूखंड' टाळावं. अपवाद 'भूखंड मंच', म्हणजे किनाऱ्यापुढे पाण्याखाली गेलेला खंडाचाच उथळ भाग. त्याला मराठी पुस्तकांत 'समुद्रबूड जमीन' असंही नाव आहे, आणि इतका नेमका शब्द क्वचित सापडतो. तो सांगतो की खंड वाळूच्या काठावर संपत नाही. २०१७ साली न्यूझीलंडच्या मॉर्टिमर आणि सहकाऱ्यांनी झीलँडिया हे वेगळं खंड मानावं असा शोधनिबंध मांडला. क्षेत्रफळ सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर, त्यातलं ९४ टक्के समुद्रबूड. न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनिया ही त्याची वर राहिलेली टोकं. तिथलं कवच महासागराच्या तळाच्या कवचापेक्षा जाड आहे आणि खडक खंडांवर सापडतात तसे आहेत. हे मान्य झालं तर आकडा आठ होईल. 'झीलँडिया खंड' मराठीत सहज म्हणता येतं. बुडालेल्या जमिनीला 'महाद्वीप' म्हणायला मात्र शब्दाचा अर्थच आडवा येतो.

परीक्षेत मुलीनं 'सात खंड' लिहावं, मैत्रिणीनं 'सात महाद्वीप'. दोघींचे गुण शाबूत राहतील. युरोपची पूर्व हद्द विचारली तर उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन समुद्र आणि कॉकेशस पर्वत. ती केव्हा ठरली असं बाईंनी विचारलं, तर अठरावं शतक सांगावं.