यूकेला जाण्याआधी डोसच्या गणिताची तयारी

नागपूरच्या धंतोलीत नर्स म्हणून आयसीयूचा ४ वर्षांचा अनुभव आहे, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झालीय, आता एनएमसीच्या (यूकेतली नर्सिंग नोंदणी संस्था) सीबीटीतलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या परीक्षेतलं गणित आणि पुढे वॉर्डातलं ड्रग कॅल्क्युलेशन कसं जमवायचं, असं तुम्ही विचारलंय. गणित तुम्हाला येतं, रोज करता. बदलायची आहे ती ‘अर्धा अँप्युल दे’, ‘दोन एमएल काढ’ अशी एमएलवर चालणारी सवय. तिथे औषधाची स्ट्रेंथ, म्हणजे एका एमएलमध्ये किंवा गोळीत किती औषध आहे ते, वेगळी निघाली की तोंडपाठ एमएल घात करतात.

आधी परीक्षा. सीबीटीच्या पार्ट ए मध्ये गणिताचे १५ प्रश्न असतात आणि वेळ ३० मिनिटं. पर्याय नसतात, आकडा स्वतः टाइप करायचा. सूत्र तुम्हाला माहीत आहेच: हवा असलेला डोस भागिले उपलब्ध स्ट्रेंथ, गुणिले ती ज्या एमएलमध्ये आहे तेवढे एमएल. पण भागाकाराआधी दोन्ही आकडे एकाच एककात आणा. बहुतेक चुका इथेच होतात. आपल्याकडे डिगॉक्सिनची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची म्हणतात, तिथे तीच २५० मायक्रोग्रॅम लिहितात. १ मिलिग्रॅमच्या खालचा डोस मायक्रोग्रॅममध्ये आणि तो शब्दही पूर्ण लिहायचा, ‘एमसीजी’ नाही. ‘युनिट्स’ही पूर्ण लिहा, कारण घाईत लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात.

ड्रिपच्या गणितात आधी सेटचं पाकीट वाचा. एका एमएलला किती थेंब, ते त्यावर असतं: साधा सेट २० थेंबांचा, मायक्रो ६० चा, तिथला रक्ताचा सेट बहुधा १५ चा. १००० एमएल ८ तासांत म्हणजे पंपावर ताशी १२५ एमएल. हाताने लावायची तर १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ४१.६७, म्हणून मिनिटाला ४२ थेंब. थेंब पूर्णांकातच येतात. एमएल मात्र प्रश्नात सांगितलं असेल तेवढ्याच दशांशापर्यंत लिहा.

पंपाची गणितं आयसीयूवाल्यांना सोपी जातात, तरी एक हाताने सोडवून बघा. रुग्ण ६४ किलो, रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम, सिरिंजमध्ये ५० एमएलला ४ मिलिग्रॅम. ०.१ गुणिले ६४ गुणिले ६० म्हणजे ताशी ३८४ मायक्रोग्रॅम. एका एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. उत्तर ताशी ४.८ एमएल. ६० ने गुणायचं राहिलं तर ०.०८ येतं. असा आकडा दिसला की थांबायचं. म्हणूनच आधी ढोबळ अंदाज बांधा, मग कॅल्क्युलेटर उचला.

आता इन्सुलिन, कारण नागपुरातून जाणाऱ्याला खरा धोका इथे आहे. आपल्याकडे ४० युनिट्स प्रति एमएलची व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज अजून सर्रास आहे. तिथे साधारणपणे १०० युनिट्स प्रति एमएल आणि त्याचीच सिरिंज. १०० वालं इन्सुलिन ४० वाल्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आत अर्धा एमएल जातं, म्हणजे ५० युनिट्स, अडीचपट. सिरिंज आणि व्हायलची जोडी जुळवायची सवय इथूनच लावा.

तसंच तोंडाने द्यायचं मॉर्फिन. त्याच्या दोन स्ट्रेंथ असतात: ५ एमएलमध्ये १० मिलिग्रॅम आणि १ एमएलमध्ये २० मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमसाठी पहिलीतून ५ एमएल, दुसरीतून ०.५ एमएल. बाटली बदलली आणि एमएल तेच ठेवले तर दहापट डोस. आयव्ही पॅरासिटामॉल १ एमएलला १० मिलिग्रॅम असतं. बाळाला ७५ मिलिग्रॅम म्हणजे ७.५ एमएल, मिलिग्रॅमचा आकडाच एमएल समजून पंपावर टाकला तर तिथेही दहापट जातं. मोठ्यांतही वजन बघा. ४४ किलोच्या रुग्णाला १५ मिलिग्रॅम प्रति किलोने ६६० मिलिग्रॅम, म्हणजे ६६ एमएल, अख्खी १०० एमएलची बाटली नव्हे. आणि चार्टवर को-कोडामॉल (पॅरासिटामॉल आणि कोडीन एकत्र असलेली वेदनाशामक गोळी) असेल तर त्याच्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, ते दिवसाच्या बेरजेत धरा.

लहान मुलांच्या पावडर इंजेक्शनमध्ये पावडर स्वतः जागा घेते. समजा २५० मिलिग्रॅमच्या व्हायलच्या माहितीपत्रकात ही जागा ०.२ एमएल दिलीय. एकूण ५ एमएल हवं तर ४.८ एमएल पाणी घाला. ५ घातलंत तर ५.२ एमएल होतं आणि १२५ मिलिग्रॅमसाठी काढलेल्या २.५ एमएलमध्ये १२० च येतात. मोठ्या माणसाला पूर्ण व्हायल देताना हा प्रश्नच येत नाही, म्हणून अ‍ॅडल्ट आयसीयूतून जाणाऱ्यांचं याकडे दुर्लक्ष होतं.

इथे ड्युटीवर रोज एक औषध घ्या, लेबल वाचा आणि कागदावर मांडा. मग सोबतच्या सिस्टरला उत्तर न सांगता तेच करायला सांगा. तिथे दुसरी नर्स डबल चेक करते तेव्हा ती स्वतंत्र गणित करते. ‘दोन एमएल झालं ना?’ असं विचारणं म्हणजे चेक नव्हे. दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर औषध भरायचं नाही, फार्मासिस्टला फोन करायचा. ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेत औषध देण्याच्या स्टेशनलाही हे सगळं मोठ्याने बोलत करा: नाव, जन्मतारीख, हातातला बँड, अ‍ॅलर्जी, मागचा डोस कधी दिला, एक्स्पायरी. डोस चुकीचा वाटला किंवा आधीच देऊन झालेला असला, तर तो देऊ नका. चार्टवर न दिल्याचा कोड आणि कारण लिहा, आणि डॉक्टरांना कळवणार असल्याचं परीक्षकाला स्पष्ट सांगा.