मुलगा अमेरिकेच्या तुरुंगात आहे, त्याला पैसे कसे पाठवू?

प्रश्न: माझा मुलगा न्यू जर्सीत फोर्ट डिक्सच्या संघीय तुरुंगात आहे. फसवणुकीच्या खटल्यात साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, वर ८०,००० डॉलर भरपाईचा आदेश. अपील चालू आहे. सून तिकडेच नोकरी करते. जमीन विकून आलेल्या पैशांतले पाच लाख मुलाच्या नावावर एकदम टाकावेत असं मनात आहे. गावातले एक ओळखीचे म्हणतात, "रोख द्या, चार दिवसांत डॉलर पोचतील." मध्यंतरी मुलाच्या नावाने एक इंग्रजी ई-मेल आला होता. फसवणूक असेल म्हणून मी तो पुसून टाकला. काय करू?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर:

ताई, त्या ओळखीच्या माणसाला आजच नाही म्हणून सांगा. ते जे सुचवताहेत तो हवाला आहे. परवाना नसलेल्या माणसामार्फत परकीय चलनाचा व्यवहार करायला फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३ ने मनाई आहे आणि कलम १३ खाली रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड पैसे देणाऱ्यालाही होतो, म्हणजे तुम्हालाही. मुलाची शिक्षा चालू असताना घरात दुसरं प्रकरण उभं राहायला नको.

आता पाच लाखांचं. आईचा जीव मला कळतो, पण एवढी रक्कम त्याच्या खात्यावर एकदम टाकू नका. संघीय तुरुंगात प्रत्येक कैद्याचं खातं असतं. कँटीनची खरेदी, फोन, संदेश, सगळं त्यातूनच. कँटीनमध्ये महिन्याला साधारण ३६० डॉलरपर्यंतच खर्च करता येतो, म्हणजे बाकीची रक्कम नुसती पडून राहील. आणि पडून राहिलेल्या पैशावर भरपाईचा हक्क येतो. भरपाईचा आदेश असलेल्या कैद्याने हप्ता किती भरावा हे ठरवताना तुरुंगाचे कर्मचारी बाहेरून खात्यात काय जमा झालं ते बघतात. त्यातले महिन्याला ७५ डॉलर ते हिशोबातून वगळतात, घरच्यांशी फोनवर बोलणं तुटू नये म्हणून. त्याच्या वर जे येईल त्यावरून हप्ता वाढू शकतो. मोठी रक्कम आली, तर अमेरिकी संहितेच्या १८व्या भागातल्या कलम ३६६४ प्रमाणे ती भरपाईकडे वळवावी लागते. माझ्या एका अशिलाच्या कुटुंबाने असंच प्रेमापोटी वर्षाचे पैसे एकदम भरले होते. पुढच्या आढाव्यात हप्ता इतका वाढला की मुलाला फोनचे पैसे पुरेनात. भरपाई बुडवायला मी सांगत नाही, ती त्याने भरलीच पाहिजे. पण तुमचे पैसे ज्या कामासाठी आहेत त्या कामी यावेत, एवढंच बघा. दरमहा थोडे पाठवा.

पाठवायचे मात्र सुनेमार्फत. आपल्याकडे वेस्टर्न युनियनवरून बाहेरून आलेले पैसे घेता येतात, परदेशी पाठवता येत नाहीत. तुम्ही तुमच्या बँकेत पॅन कार्ड घेऊन जा, परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-२ फॉर्म भरा आणि सुनेच्या तिकडच्या खात्यात भेट म्हणून रक्कम पाठवा. परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, तुमची रक्कम त्यात कुठल्या कुठे बसते. जमिनीचं खरेदीखत आणि पासबुक जवळ असू द्या. पैसा कुठून आला हे बँक विचारेल.

सून तिथून वेस्टर्न युनियन किंवा मनीग्रामने मुलाच्या खात्यात भरेल. तिला एक गोष्ट बजावून सांगा. कैद्याचा नोंदणी क्रमांक आठ अंकी असतो. खाते क्रमांकाच्या जागी तो मधली रेघ न घालता लिहायचा आणि त्याला जोडूनच आडनाव. नाव तुरुंगाच्या नोंदीत जसं आहे तसंच, अक्षरही इकडचं तिकडे नको. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, कॉलेजच्या कागदांवर आडनाव आधी, असा घोळ असतो. चुकीच्या क्रमांकावर पैसे गेले तर जबाबदारी पाठवणाऱ्याची. पोस्टाने रोख किंवा स्वतःच्या खात्याचा चेक ते घेत नाहीत.

तो ई-मेल बहुधा खराच होता. तिथल्या कैद्यांना कॉरलिंक्स नावाच्या व्यवस्थेतून संदेश पाठवता येतात. कैद्याने आधी तुमचा पत्ता त्याच्या यादीत घालायचा, मग तुम्हाला एका कोडसह ई-मेल येतो. तो कोड घालून तुम्ही होकार दिलात की लिहिणं सुरू. कोड थोडेच दिवस चालतो, म्हणून जुना शोधत बसू नका. तुमचा पत्ता काढून पुन्हा घाल, असा निरोप सुनेकरवी मुलाला द्या. लिहायला तुम्हाला पैसे पडत नाहीत, मुलाला आत मिनिटाला ५ सेंट पडतात. फोटो जोडता येत नाही. संदेश तपासून पुढे जातो, तेव्हा उत्तराला वेळ लागला म्हणून घाबरू नका.

पण अपिलाबद्दल त्यात एक अक्षरही नको. सगळे संदेश वाचले जातात आणि ते वाचायला कैद्याने आधीच संमती दिलेली असते. या मार्गाने वकिलाला लिहिलेलंही गोपनीय धरत नाहीत. साक्षीदार काय म्हणाला, पैसे कुठे होते, कोणाशी बोलणं झालं, हे वकिलाने त्याला तुरुंगात समोर भेटून विचारावं, नाहीतर 'कायदेशीर पत्र' म्हणून खूण केलेल्या पाकिटातून. तुम्ही घरचं लिहा, तब्येतीचं लिहा. जमीन विकल्याचं त्याला अजून सांगितलं नसेल, तर आधी सुनेशी बोला आणि मगच लिहा.